साठाव्या मिनिटाला फिकी पडलेली रेघ

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मिळालेलं काम ऐकायला सोपं होतं. हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी, विभाजनाच्या ऐन मध्यात अडवायच्या, मग सोडायच्या, आणि सायक्लिन बी हे प्रथिन किती वेळात नाहीसं होतं ते ब्लॉटवर दाखवायचं. ब्लॉट म्हणजे असं पटल, ज्यावर प्रथिन जितकं जास्त तितकी त्याची रेघ काळी दिसते. जीवशास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ साली सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत हेच दिसलं होतं : एक प्रथिन साठत जातं आणि दर विभाजनाला एकदम गायब होतं. म्हणजे उत्तर माहीत होतं, मला ते फक्त स्वतःच्या हातांनी काढायचं होतं.

पेशींना रात्रभर नोकोडॅझोल हे औषध द्यायचं. त्याने सूक्ष्मनलिका बनत नाहीत, म्हणजे गुणसूत्रांना ओढणारे दोरच तयार होत नाहीत. सकाळी अडकलेल्या पेशी गोल होऊन तळाला जेमतेम टेकलेल्या असतात. फ्लास्कला बाजूने तळहाताने थापटलं की त्या सुटून वर येतात. बाकीच्या चपट्या पेशी जागच्या हलत नाहीत. सुटलेल्या गोळा करून धुवायच्या, ताज्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, सोडायच्या आणि दर अर्ध्या तासाने सॅम्पल घ्यायचं, दोन तासांपर्यंत.

पहिल्या ब्लॉटवर पाचही सॅम्पलच्या लेनमध्ये, म्हणजे रकान्यांत, सारखीच काळी रेघ. दुसऱ्यावरही तेच. सायक्लिन बी ओळखणारी अँटिबॉडीच बिघडली असं धरून मी दोन आठवडे घालवले.

शेवटी लॅबमधल्या ताईंनी विचारलं, "नोकोडॅझोल किती वेळा धुतलंस?"

"एकदाच."

"मग ते थोडं उरलंय. पेशी अजून थांबूनच आहेत. त्या बरोबर वागताहेत गं."

त्या वाक्यानंतर मला चेकपॉइंट, म्हणजे विभाजन थोपवून धरणारा पेशीचा तपासनाका, खरा कळला. एक जरी गुणसूत्र दोराला नीट जोडलं गेलं नसेल, तरी मॅड२ आणि तिची जोडीदार प्रथिनं सीडीसी२० या प्रथिनाला धरून ठेवतात. सीडीसी२० मोकळं नाही तोवर एपीसी हे संकुल सायक्लिन बी आणि सिक्युरिन या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करू शकत नाही, आणि खुणेशिवाय प्रोटिअझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्यांना मोडत नाही. सिक्युरिन शाबूत म्हणजे सेपरेज ही कात्री बंदिस्त, म्हणून जुळी गुणसूत्रं कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांत बांधलेली. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती मोडण्याची. प्रथिनावर चिकटवलेला फॉस्फेट काढता येतो, पुन्हा लावताही येतो. मोडलेलं प्रथिन मात्र नव्यानेच बनवावं लागतं. म्हणून विभाजन अर्ध्यातून उलटं फिरत नाही.

तिसऱ्या खेपेला कोमट पीबीएसने, म्हणजे खारट द्रावणाने, तीन वेळा धुतलं. दर धुण्यात थोड्या पेशी हातच्या जात होत्या, जीव खालीवर होत होता. या वेळी एका नळीत धुतल्यावर प्रोटिअझोम बंद पाडणारं एमजी१३२ घातलं.

इमेजरच्या पडद्यावर शून्य आणि तीस मिनिटांच्या रेघा ठसठशीत. साठला फिकी. नव्वदला जेमतेम सावली. तुलनेसाठी घेतलेलं अ‍ॅक्टिन हे प्रथिन सगळीकडे सारखं. आणि एमजी१३२ ची लेन दोन तासांनंतरही काळीकुट्ट.

त्याच नळीतल्या थोड्या पेशी डॅपी या डीएनए निळा दाखवणाऱ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. गुणसूत्रं मधोमध एका ओळीत, निळी, नीट लागलेली. दोर तयार, अडवणारं काही उरलेलं नाही, तरी एकही जोडी सुटलेली नव्हती.