प्रंबाननचा एक दिवस: डाव्या हाताचं रामायण आणि पलीकडची बौद्ध देवळं

इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं प्रंबानन हे जुन्या हिंदू देवळांचं ठिकाण बहुतेक प्रवासी दोन तासांत उरकतात. तेवढ्या वेळात तिथलं रामायणसुद्धा पुरतं वाचून होत नाही, आणि त्याच आवारातल्या बौद्ध देवळांपर्यंत तर कोणी पोचतच नाही. पूर्ण दिवस हाताशी असेल तरच जावं.

योग्यकार्ता शहराच्या तुगू स्थानकातून सोलो शहराकडे जाणारी लोकल पकडा. उतरायच्या स्थानकाचं नाव 'ब्रंबानन' आहे, म्हणजे 'प' नव्हे, 'ब'. या लोकलसाठी रोख तिकीट मिळेल असं धरून चालू नका, प्रवासाचं कार्ड आधी घ्या. स्थानकापासून देवळांचं आवार साधारण किलोमीटरभर आहे. मधला हमरस्ता वाहता असतो, तो जपून ओलांडा. सोबत पाणी, टोपी, घट्ट तळव्यांचे बूट आणि एक छोटी विजेरी हवीच. वेळा आणि आत कुठवर जाता येतं याचे नियम बदलत असतात. ते निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्या.

मधल्या चौकात शिवाचं देऊळ 47 मीटर उंच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू यांची देवळं 33 मीटरची. समोर तीन वाहनमंदिरं आहेत, पण वाहन फक्त मधल्यात उरलं आहे, तो नंदी. त्याच गाभाऱ्यात मागे सूर्य आणि चंद्र उभे आहेत, ते पाहायचे राहून जातात. एकूण देवळं 240, त्यांतली 224 बाहेरच्या चार रांगांमधली छोटी देवळं. त्यांतल्या बहुतेकांचे आज दगडांचे ढीग आहेत. पुरेसे मूळ दगड सापडल्याशिवाय देऊळ उभं करायचं नाही, हा तिथला दंडक, आणि तो योग्यच आहे. शिवमंदिराची फेरजुळणी 1918 मध्ये सुरू झाली आणि 1953 मध्ये संपली. भिंतीत मध्येच नक्षी नसलेला सपाट दगड दिसला तर तो जुळणीच्या वेळी बसवलेला. झीज समजून फसू नका.

आता रामायण. शिवमंदिरावर नंदीकडे तोंड असलेल्या पूर्वेच्या पायऱ्यांनीच वर चढा. दुसऱ्या बाजूने चढलात तर कथेच्या मध्यातच शिराल आणि काही उमगणार नाही. वर पोचल्यावर डावीकडे वळून प्रदक्षिणेच्या दिशेने चाला. देऊळ उजव्या हाताला राहतं, आणि रामायण कोरलंय डाव्या हाताला, कठड्याच्या आतल्या अंगाला. त्यामुळे पट डावीकडून उजवीकडे वाचायचे, मराठी ओळीसारखे. वेरूळच्या कैलासात रामायण भिंतीवर एकाखाली एक ओळींत आहे, एका जागी उभं राहून पाहता येतं. इथे ते पावलांनी वाचायचं.

सुरुवात शेषशायी विष्णूपासून होते. पुढे विश्वामित्र, ताटका, वनवास असा ओळखीचा क्रम लागतो, पण काही जागा आपल्या पाठातल्या नाहीत. रावण सीतेला पळवतो तो पंख असलेल्या राक्षसाच्या पाठीवर बसून. मरणारा जटायू रामाच्या हाती सीतेची अंगठी देतो. लक्ष्मण पाणी भरतो ते पाणी म्हणजे झाडावर बसलेल्या सुग्रीवाचे अश्रू. वाली-सुग्रीव दोनदा झुंजतात. दुसऱ्या वेळी सुग्रीवाच्या अंगावरची पानांची माळ शोधा, रामाला दोघे वेगळे ओळखता यावेत म्हणून ती आहे. सेतूच्या पटात माशांकडे नीट पाहा. वानरसेना लंकेत पोचते आणि शिवमंदिरावरचा भाग संपतो. पुढची कथा ब्रह्माच्या देवळावर आहे. तिकडे न जाता खाली उतरणाऱ्याचं अर्धं रामायण राहतं. विष्णूच्या देवळावर कृष्णकथा आहे.

पट आतल्या अंगाला असल्यामुळे सकाळी लवकर ते सावलीत असतात. विजेरी समोरून न मारता बाजूने, भिंतीला चिकटवून धरा. मग बोटं, दागिने, माकडांचे चेहरे उठून दिसतात. वाट अरुंद आहे, मागे सरायला जागा नाही, म्हणून अख्खा पट एका फोटोत घ्यायच्या नादी लागू नका.

गाभारे मात्र सकाळीच पाहा. पूर्वेला शिव, उत्तरेला महिषासुरमर्दिनी, पश्चिमेला गणेश. दक्षिणेला दाढीवाला, पोट सुटलेला अगस्त्य आहे. आपल्याकडे त्याला असं देवळात मानाचं स्थान क्वचितच दिसतं. जावात तो शिवाचं गुरुरूप म्हणून पूजला जाई. पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, पावसानंतर निसरड्या होतात. उतरताना घाई नको. खाली आल्यावर पूर्वेच्या जिन्याच्या दक्षिण कुशीत एक चिमुकलं देऊळ दिसेल. आतल्या चौकाचा नेमका मध्यबिंदू तिथे आहे, शिवाच्या गाभाऱ्यात नाही.

जेवण करून उत्तरेला चालू लागा. लुंबुंग आणि बुब्रा ही दोन बौद्ध देवळं ओलांडली की सेवू येतं. इथल्या शिलालेखात मंजुश्रीगृह, म्हणजे मंजुश्री या बोधिसत्त्वाचं घर, असं नाव आणि 792 साल आहे. प्रंबाननशी जोडला जाणारा शिवगृहाचा लेख 856 चा, म्हणजे बौद्ध सेवू आधीचं. राजवंश बदलला आणि धर्म बदलला असं सरधोपट सांगणारे वाटाडे भेटतात. त्यांना पुढच्या देवळात न्यायला हवं. सेवूच्या दारांवरचे गदाधारी, गुडघा टेकलेले द्वारपाल शांतपणे पाहण्यासारखे आहेत. मुख्य गाभारा रिकामा आहे.

प्लाओसान आवाराबाहेर, सेवूच्या पूर्वेला किलोमीटरभर, शेतांमधून. तिकीट वेगळं. ते मुद्दाम शेवटी ठेवा, कारण त्याची दोन्ही मुख्य देवळं पश्चिमाभिमुख आहेत आणि दुपारनंतरचं ऊन थेट दर्शनी भिंतींवर येतं. आत प्रत्येकी तीन खोल्या. वर पाहिलं की भिंतीत तुळयांच्या खाचा दिसतात: लाकडी मजला होता, तो नाहीसा झाला. मधल्या मूर्तीची जागा रिकामी आणि दोन्ही बाजूंना दगडी बोधिसत्त्व बसलेले. भोवती 116 छोटे स्तूप आणि 58 छोटी देवळं होती. त्यांतल्या काहींवर देणगी देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, आणि त्यांत शैव मानला जाणारा राजा रकाई पिकातान आहे. दोन धर्मांचं नातं समजून घ्यायला याहून चांगली जागा या परिसरात नाही.

परतीच्या वाटेवर, हमरस्त्यालगत, कालासान लागतं. तारा या बौद्ध देवीचं हे देऊळ, 778 चा लेख संस्कृतात आणि नागरीच्या पूर्वरूपात. दक्षिणेच्या दारावरचं कीर्तिमुख आणि दगडावर टिकून राहिलेला वज्रलेपाचा, म्हणजे जुन्या गिलाव्याचा, पिवळसर थर पाहायला अर्धा तास पुरतो, पण अंधार पडण्याआधी पोचायला हवं.