एका टिकिटाला इतके रकाने कशाला?

आमची टीम लहान, पण प्रोजेक्ट सांभाळायला बसवलेलं सॉफ्टवेअर मात्र मोठ्या कंपनीच्या मापाचं. साधा बग (कोडमधली चूक) नोंदवायचा, म्हणजे त्याचं टिकीट काढायचं, तरी प्रकार, प्राधान्य, तीव्रता, कंपोनंट, स्प्रिंट, अंदाजित वेळ असे रकाने भरल्याशिवाय ते पुढे सरकायचं नाही. मग व्हायचं तेच व्हायचं: लोक बग चॅटवर सांगून मोकळे, आणि टिकीट कुणी मागे लागलं तर. सर्व्हरवर डेटाबेस, कॅश, बॅकग्राउंड जॉब्ज आणि सर्चसाठी आणखी एक सर्व्हिस चालायची. अपग्रेडचं काम माझ्याकडे होतं, म्हणून बदलाचा विषयही मीच काढला.

पर्याय बघण्याआधी सगळ्या टिकिटांची सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) काढली आणि कुठला रकाना खरंच वापरात आहे ते तपासलं. 'तीव्रता' जवळपास सगळीकडे डीफॉल्ट. 'अंदाजित वेळ' लोक भरायचे, पण त्यावरून काही ठरवल्याचं कुणालाच आठवेना. उरलं इतकंच: काम कुणाकडे आहे, चालू की बंद, कुठल्या व्हर्जनमध्ये जायचंय, आणि खालची चर्चा. ही यादी आधी हातात होती ते बरं. नाहीतर फीचर्सचे तक्ते समोर आले की ज्याच्यापुढे टिकमार्क जास्त तेच आपल्याला हवंसं वाटायला लागतं.

मन आधी गेलं फॉसिलवर, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या (व्हर्जन कंट्रोल) साधनावर. एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसचे कर्ते डी. रिचर्ड हिप यांचंच हे काम. एकच एक्झिक्यूटेबल (चालवायची फाइल), कोडचा इतिहास, टिकिटं, विकी सगळं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये. खुद्द एसक्यूलाइटचा कोड त्यातच सांभाळला जातो, त्यामुळे भरवशाची शंका नव्हती. अडलं सवयीपाशी. सगळ्यांचे हात गिट या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोलवर बसलेले, आणि त्यातला रीबेस (झालेल्या बदलांचा इतिहास नव्याने मांडणं) फॉसिलमध्ये मुद्दामच दिलेला नाही. जे घडलं ते इतिहासात तसंच राहावं, हे त्यामागचं म्हणणं मला पटतं. पण अख्ख्या टीमला नवी व्हर्जन कंट्रोल शिकवायची म्हणजे हलकेपणा गेलाच. सीगिटही पाहिलं. फार चपळ आहे, पण ते नुसता कोड दाखवतं, टिकिटं नाहीत.

शेवटी गिटी. 2016 मध्ये गॉग्ज या तशाच प्रकल्पातून वेगळा झालेला, गो भाषेतला प्रकल्प: गिटचा कोड आणि टिकिटं एकाच ठिकाणी. एक बायनरी (तशीच चालवायची फाइल), एक कॉन्फिग फाइल, आणि डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट चालतं. नको असेल तर विकी आणि प्रोजेक्ट बोर्ड एकेका रिपॉझिटरीपुरते (कोडच्या साठ्यापुरते) बंद करता येतात. आम्ही पहिल्याच दिवशी केले. (हलकं साधन आणून त्यातलं सगळं चालू ठेवणारेही पाहिलेत.)

बसवणं किरकोळ होतं, वेळ खाल्ला तो जुन्या टिकिटांनी. आमच्या कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतच्या टिपणात) वर्षानुवर्षांचे टिकीट नंबर. गिटीत इश्यू (तिथलं टिकीट) आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामील करण्याची विनंती) यांना एकाच मालिकेतले नंबर मिळतात, त्यामुळे जुने-नवे जुळणं शक्यच नव्हतं. शिवाय मेसेजमधल्या नंबराची आपोआप लिंक होते, आणि नंबराच्या आधी 'फिक्सेस' (दुरुस्त केलं) हा शब्द असेल तर त्या नंबराचा इश्यू बंदही होऊ शकतो. म्हणून क्रम ठरवला: आधी पूर्ण कोड गिटीवर चढवायचा (पुश), म्हणजे तेव्हा बंद व्हायला इश्यूच नसतील, मगच टिकिटं. एपीआय (प्रोग्रॅमला गिटीशी बोलायची सोय) वापरणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून फक्त उघडी टिकिटं आणली. जुना नंबर शीर्षकात घातला. मूळ लेखक आणि तारीख मजकुराच्या पहिल्या ओळीत, कारण नाहीतर सगळंच स्क्रिप्टच्या नावावर आजच्या तारखेने पडतं. बंद टिकिटांची साधी एचटीएमएल पानं करून ठेवली. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने शोधा, हवं ते सापडतं.

विरोध झाला तो रिपोर्टवरून. मॅनेजरना बर्नडाउनचा (उरलेलं काम दिवसागणिक कसं घटतंय त्याचा) आलेख हवा होता. कुठल्या व्हर्जनमध्ये किती इश्यू उघडे आहेत याचा तक्ता एपीआयवरून काढून दिला. त्यांनी तो चालवून घेतला, खूश झाले असं म्हणवत नाही. तासांवर बिल लावणाऱ्या किंवा मंजुरीचे टप्पे असलेल्या टीमला हा मार्ग मी सुचवणार नाही. तिथे त्या रकान्यांना खरंच काम असतं.

अपग्रेड आता असं: सर्व्हिस थांबवायची, डंप (सगळ्या डेटाची प्रत) घ्यायचा, बायनरी बदलायची, सुरू करायचं. डेटाबेसमधले बदल ती स्वतः करून घेते. बिल्ड आणि टेस्टचा सर्व्हर अजून वेगळाच आहे, आणि तोही इथेच आणावा का यावर आमचं एकमत नाही.