तुम्ही विचारलंत म्हणून: कॉपी-पेस्टने भागतं, मग पॅकेज मॅनेजर कशाला?

इंदूरच्या जेल रोडवरचे रिपेअरिंगवाले दोस्त, ऑफिसातली ज्युनिअर पोरं, आणि इथे लोकमान्य नगरात आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच. "अरे, त्या पँडोरावर प्रोग्रॅम टाकायचा म्हणजे एक फाईल कार्डावर कॉपी केली की झालं ना, मग त्याच्यासाठी पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅम टाकणं-काढणं-अपडेट करणं सांभाळणारं वेगळं ॲप, काय लिहून राहिलायस?" आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की सरळ हेच पाठवून देईन.

प्रश्न चुकीचा नाहीये. पँडोरा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, २०१० पासून लोकांच्या हातात पडायला लागलेला, डबीसारखा उघडणारा-मिटणारा छोटासा लिनक्स कॉम्प्युटर आहे तो. ८०० बाय ४८० चा टचस्क्रीन, खाली अख्खा कीबोर्ड, बाजूला गेमची बटणं, पहिल्या मॉडेलला २५६ एमबी रॅम, आत फाईली साठवायला ५१२ एमबीची नँड मेमरी, आणि दोन एसडी कार्डांचे स्लॉट. हार्डडिस्क वगैरे काही नाही. वर अँगस्ट्रॉम नावाचं लिनक्स, आणि त्यात ओपीकेजी नावाचा नेहमीसारखा पॅकेज मॅनेजर होताच, पण ५१२ एमबीत तुम्ही किती कोंबणार, आणि त्यात एखादी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमांना लागणारी तयार कोडची फाईल, इकडची तिकडे झाली की पूर्ण सिस्टीमच रुसून बसणार. म्हणून पीएनडी नावाचा फाईलचा प्रकार आला. प्रोग्रॅम, त्याच्या लायब्रऱ्या, चित्रं, आवाज, सगळं एकाच फाईलमध्ये, बहुतेक वेळा स्क्वॉशएफएसची इमेज, म्हणजे अख्खं फोल्डर दाबून बसवलेली एक फाईल. ती कार्डावर ठरलेल्या फोल्डरात ठेवली की आयकॉन आपोआप दिसतो, चालवताना इमेज माउंट होते, म्हणजे फोल्डरासारखी जोडली जाते, बंद केलं की निघते. इन्स्टॉल असं काही होतच नाही.

मग मॅनेजर नक्की काय मॅनेज करणार, तर टाकणं हा सगळ्यात सोपा भाग आहे हो. टाकल्यावर चार महिन्यांनी तुमच्या कार्डावर काय काय आहे, कुठलं जुनं झालंय, कुठलं अर्धवट आहे, हे कोण सांगणार?

मोठ्या लिनक्सवर हे काम कसं होतं बघा. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये १९९९ च्या २.१ व्हर्जनपासून अप्ट हा पॅकेज मॅनेजर आहे, त्याच्या पोटात प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा डीपीकेजी, आणि डीपीकेजी स्टेटस नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये मांडून ठेवतो की हे हे पॅकेज, हे व्हर्जन, लागलेलं आहे. किराणावाल्याच्या वहीसारखं, वहीत आहे म्हणजे आहे. हे बरोबर चालतं कारण चालू कॉम्प्युटरची डिस्क मधेच कोणी उपसून नेत नाही. आमच्याकडे नेतात ना! भाचा आला की पँडोरातून कार्ड काढणार, ताईच्या लॅपटॉपला लावणार, दोन गेम उडवणार, तीन नवे टाकणार, एखाद्या फाईलला स्वतःचं नाव देणार आणि कार्ड परत लावताना पहिल्या स्लॉटचं दुसऱ्यात घालणार. त्याचं काही चुकत नाही, कार्ड असतंच काढायला. पण वहीत एक आणि कार्डावर भलतंच, अशी वही काय कामाची.

म्हणून माझ्या ॲपमध्ये वही नाहीच. उघडलं की कार्ड वाचायचं, तिथे जे सापडेल ते खरं. फाईलच्या नावावरही विश्वास ठेवायचा नाही, कारण प्रत्येक पीएनडीची ओळख फाईलच्या आतच असते.

आणि ती ओळख ठेवलीये कुठे, तर फाईलच्या शेपटाला. आधी इमेज, तिच्या मागे पीएक्सएमएल नावाची माहितीची चिठ्ठी, म्हणजे नाव, आयडी, व्हर्जनचे चार आकडे, आणि सगळ्यात शेवटी आयकॉनचं चित्र. त्यामुळे तीनशे एमबीच्या गेममधलंही फक्त शेवटचं थोडंसं वाचायचं, शेवटाकडून उलटं शोधत यायचं, चिठ्ठी सापडली की थांबायचं. अख्खं कार्ड भरलेलं असलं तरी यादी पटकन तयार. आणि ह्यातून एक फायदा फुकटात मिळतो, कॉपी अर्ध्यात तुटली असेल तर शेपूटच नसतं, म्हणजे ओळख नाही, म्हणजे अर्धवट फाईल "आहे" म्हणून यादीत मिरवू शकत नाही. ज्याने कोणी हे शेवटी ठेवायचं ठरवलं त्याला सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन पोटभर खाऊ घालायला पाहिजे. व्हर्जन मात्र आकडे म्हणूनच तपासायचं, अक्षरं म्हणून नाही, नाहीतर १.१० हे १.९ च्या आधीचं ठरतं आणि ॲप तुम्हाला जुनं व्हर्जन "अपडेट" म्हणून देत बसतं.

डाउनलोडचं म्हणाल तर त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. घरची लाइट गेली की राउटर बंद, पँडोरा बॅटरीवर चालूच, आणि डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर लटकलेला. मग पुन्हा पहिल्यापासून? नाही, सर्व्हरला सांगायचं की अमुक बाइटपासून पुढचं दे. पण मधल्या वेळात तिथे नवीन व्हर्जन चढलं असेल तर जुन्याचं डोकं आणि नव्याचं धड असं काहीतरी तयार होतं, आणि शेपूट नव्याचं असल्यामुळे यादीत छान दिसतंसुद्धा! म्हणून शेवटी एमडी५, म्हणजे पूर्ण फाईलवरून काढलेला तपासणीचा आकडा, जुळवायचाच. एमडी५ जाणूनबुजून केलेली लबाडी पकडायला भरवशाचा नाही हे २००४ मध्येच सिद्ध झालंय, पण तुटकी फाईल पकडायला अजून चांगला आहे. जुळलं तरच तात्पुरतं नाव बदलून खरं नाव द्यायचं, तोपर्यंत जुन्या फाईलला हात लावायचा नाही. तो गेम चालू असेल तर अपडेट होणार नाही, आधी बंद करा असं स्वच्छ सांगायचं. काही जण म्हणतात, कटकट आहे. असू दे.

उडवण्याचं तर कॉपी-पेस्टवाल्यांच्या लक्षातच येत नाही. पीएनडी डिलीट केली तरी तिचा डेटा, म्हणजे सेव्ह केलेले गेम, सेटिंग, कार्डावर ॲपडेटा फोल्डरात तसाच राहतो. हे चांगलंच आहे, कारण गेम परत टाकला की जिथे सोडलं तिथून सुरू. पण वर्षभरात तिथे अशा प्रोग्रॅमांची फोल्डरं साठतात जे कधीचेच गेले, आणि कुठलं कोणाचं ते नुसतं बघून कळत नाही. माझं ॲप आयडी जुळवून त्यांची वेगळी यादी दाखवतं, किती जागा अडली ते सांगतं, आणि आपणहून एकही उडवत नाही, कारण त्या पॅकेजची फाईल दुसऱ्या कार्डावर असू शकते आणि ते कार्ड ह्या वेळी कपाटात असू शकतं.

सध्या अडलंय ते दोन्ही कार्डांवर एकच पॅकेज वेगवेगळ्या व्हर्जनचं असलं तर काय दाखवायचं ह्यावर. काकांचं मत, नवीन ठेव आणि जुनं उडव, पोरांचंही तेच. मी दोन्ही दाखवणार आहे, कार्डाच्या नावासकट, आणि अपडेटचं बटण प्रत्येकाला वेगळं.