बारा शब्दांची पाटी

मूकपटांतल्या पाट्या, म्हणजे दृश्यांच्या मधे पडद्यावर येणारा मजकूर, मी मराठीत आणते. बाहेरून हे भाषांतर वाटतं, पण निम्मं काम फुटांच्या हिशेबाचं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). सेकंदाला १६ चौकटी चालवल्या की एक फूट म्हणजे एक सेकंद, आणि सेकंदाला एक शब्द हा आमचा ठोकताळा. १२ शब्दांची पाटी १२ सेकंद टिकते. तीच कुणी २४ च्या गतीनं सोडली की ८ सेकंदांत जाते, आणि बोल लावले जातात मराठीला. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर खालचे उकार छाटले जातात, ते वेगळंच.

परवा ‘स्टेला मॅरिस’ (१९१८) या चित्रपटासाठी पटकथाकार फ्रान्सिस मॅरियनची ओळख करून देणारी पाटी लिहायची होती. मर्यादा बारा शब्दांची. हाती आलेल्या मजकुरात ‘पहिल्या महायुद्धातील युद्धवार्ताहर’ असं होतं. तिथेच मी अडले.

अभिनेत्री मेरी पिकफर्डचे चित्रपट लिहिणारी ही बाई १९१८ मध्ये फ्रान्सला गेली, ती अमेरिकी सरकारच्या लोकमाहिती समितीकडून. जॉर्ज क्रील यांच्या हाताखालची ही समिती एप्रिल १९१७ मध्ये स्थापन झाली, ती जनमत युद्धाच्या बाजूनं वळवायला. मॅरियनचं काम होतं युद्धात राबणाऱ्या स्त्रियांची फिल्मवर नोंद करण्याचं. त्याच वर्षी पेगी हल या अमेरिकी पत्रकार स्त्रीला अमेरिकी युद्ध खात्यानं वार्ताहर म्हणून रीतसर परवाना दिला आणि ती सैबेरियाला गेली. दोघींना एकच शब्द लावणं मला आळशीपणाचं वाटतं. आपल्याकडचे परिचयलेखक हे सर्रास करतात.

तेव्हाचं चित्रीकरण कसं होतं ते पाहिलं की या कामाची किंमत कळते. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला ८ चौकटी. ४०० फुटांचं रीळ सात मिनिटांच्या आत संपायचं. शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. परिचारिकेच्या दंडावरचा लाल क्रॉस पडद्यावर काळा यायचा, रक्तही काळंच. निळं आभाळ पांढरंफटक. अशा फिल्मवर काय उठेल आणि काय बुडेल, हे पटकथा लिहिणारीला उमजत असणार. ‘वार्ताहर’ म्हटलं की नेमकी हीच जाण झाकली जाते.

जर्मनीतली ऱ्हाईन नदी ओलांडणारी पहिली अमेरिकन स्त्री मॅरियनच, असंही सांगतात. ते मी पाटीवर घेतलं नाही.

आत्ता पाटी अशी आहे: ‘फ्रान्सिस मॅरियन, पटकथाकार. १९१८: फ्रान्समध्ये सरकारच्या प्रचार समितीसाठी युद्धातल्या स्त्रियांचं चित्रण.’ अकरा शब्द. ‘प्रचार’ मी दोनदा खोडला आणि दोनदा परत लिहिला. तो वाचून प्रेक्षक तिला कमी लेखतील ही भीती आहे, आणि काढला तर त्या अकरा सेकंदांत समितीचं खरं काम कळतच नाही.