जेवायला बसलं की जबड्याखाली गाठ

गेल्या सुगीत भातकापणी चालू असताना माझ्या डाव्या जबड्याखाली सूज येऊ लागली. भाकरीचा पहिला घास घेतला की लिंबाएवढी गाठ वर यायची, ठणकायची आणि तासा-दोन तासांत उतरायची. चिंचेची आमटी असली तर कळ सोसवत नसे.

सासूबाईंनी गालफुगी म्हणून गेरूचा लेप लावला. खानापुरातल्या डॉक्टरांनी दाढेचं दुखणं समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ठणका कमी झाला, सूज तशीच. जेवणाचीच भीती बसली होती.

शेवटी मुलीला घेऊन बेळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. फॉर्म कन्नडमध्ये, तो तिनं भरला. डॉक्टर मात्र मराठीत बोलले. "ताई, जेवताना वाढते का?" हे तोवर कुणी विचारलं नव्हतं, मीही आपणहून सांगितलं नव्हतं. त्यांनी एक बोट जिभेखाली घातलं, दुसऱ्या हातानं बाहेरून चाचपलं आणि सोनोग्राफी करायला पाठवलं.

लाळेच्या नळीत ५ मिलिमीटरचा खडा होता! मुतखडा ऐकला होता, हा नाही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या: कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली. खडे बहुतेक जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, कारण तिथली लाळ घट्ट आणि नळी खालून वर चढणारी. आंबट खाल्लं की लाळ सुटते, वाट अडलेली असते, ग्रंथी फुगते. गालफुगी विषाणूमुळे होते, बहुधा कानापुढे येते आणि जेवणानंतर अशी उतरत नाही.

मग विचारलं, "पाणी किती पिता?" मला रडूच आलं. शेतात आडोसा नसतो, म्हणून आम्ही बायका सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाही. पाणी कमी पडलं की लाळ घट्ट होते, ग्रंथीत जंतूही वाढू शकतात.

आठवडाभर भरपूर पाणी, लिंबाची फोड चोखणं, शेक आणि हलकं चोळणं केलं. खडा हलला नाही. मग जिभेखाली भूल देऊन तोंडातूनच काढला. तांदळाच्या कणीएवढा होता.

शेजारच्या काकूंच्या कानाखाली सहा महिने गाठ आहे. दुखत नाही, जेवताना कमीजास्त होत नाही, म्हणून त्या दाखवत नव्हत्या. न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ तर आधी दाखवायची, असं डॉक्टर म्हणाले होते. सोमवारी पहिल्या बसनं मी त्यांना बेळगावला नेते आहे.