राहणार दांडिया बाजार, वाइन दिंडोरीची

मी राहते बडोद्याला, दांडिया बाजारात, आणि माझी वाइन तयार होते महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या दिंडोरीला. म्हणजे माझीच बाटली माझ्या घरात ठेवणं गुन्हा. हे ऐकून लोक आधी हसतात, मग आवाज खाली आणून विचारतात, "एखादी तरी आणली असेल ना?" नाही आणली. गुजरातमधली दारूबंदी राज्याच्या जन्मापासूनची आहे, माझ्या दीड एकरासाठी ती कुणी उठवणार नाही. आमचे हे मात्र आल्यागेल्याला सांगतात, की याच बडोद्यात 1907 साली अलेंबिक ही औषधांची कंपनी सुरू झाली ती टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायला. त्याचा माझ्या बाटलीला काय उपयोग, ते त्यांनाच ठाऊक.

बाग माहेरची. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि आमच्याकडे वाइनच्या द्राक्षांची हवा झाली. बाबांनी 2004 ला शिराझ लावली. पुढे 2008-09 च्या मंदीत वायनऱ्यांनी माल घेताना हात आखडला, तेव्हा कित्येकांनी बागा तोडल्या, कुणी त्याच खुंटावर थॉम्पसन या खायच्या द्राक्षाची कलमं भरली. बाबांनी काहीच केलं नाही. दादा म्हणतो हट्ट, मी म्हणते आळस. पण बाग राहिली.

वाइनच्या द्राक्षाची खरी अडचण बाहेरच्याला कळत नाही. मणी बारीक, बिया मोठ्या, साल जाड. खायला कुणी घेत नाही, म्हणून बाजार समितीत नेता येत नाही. वायनरीनं घेतलं तर घेतलं. परवाच्या हंगामात सहा टन माल निघणार होता. करार असलेल्या वायनरीनं पाच टन उचलला आणि फोनवर सांगितलं, "ताई, टाक्या भरल्या." एक टन वेलीवर, फेब्रुवारी संपत आलेला, ऊन वाढतंय. माझी वाइन जन्माला आली ती अशी, हौसेनं नव्हे.

स्वतःच्या घरी बनवून विकता येत नाही, महाराष्ट्रातही. परवाना लागतो, आणि दीड एकरवाल्यानं तो काढायचा विचारही करू नये. परवाना असलेली एक छोटी वायनरी जॉब वर्कला तयार झाली. द्राक्षं माझी, टाकी त्यांची, भाडं माझं. तिथला वाइनमेकर माझ्या भाच्याच्या वयाचा, मला मावशी म्हणायचा.

तोडणी आधी चार दिवस थांबवली त्यानं. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, मीटरवर 22 दिसत होते, मला वाटलं झालं. तो म्हणाला, "मावशी, बी चावून बघा." हिरवट बी जीभ ओढते, तुरट. पिकलेली तपकिरी होते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडकुडते. बी कुडकुडली त्या दिवशी ब्रिक्स 24.2 होते. त्याला 0.55 नं गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो, साधारण 13 टक्के. पहाटे चारला बॅटऱ्या लावून तोडलं, कारण फळ थंड असताना टाकीत जायला हवं. वीस किलोचे पन्नास क्रेट.

इथे मी चूक केली. टाकी हजार लिटरची. वाइनमेकर पोरगा म्हणाला, पाऊण टाकीच भरू, उरलेलं दुसऱ्या टाकीत. दुसऱ्या टाकीचं भाडं वेगळं. मी म्हटलं, देठं निघाल्यावर कितीसं उरतंय, बसेल यात. बसलं. शिराझचा रस पांढराच असतो, रंग सगळा सालीत, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात. आंबायला लागलं की वायू साली वर ढकलतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर फरशी जांभळी, टाकीच्या अंगावरून फेस ओघळतोय आणि चिलटांचा ढग. तीसेक लिटर गेलं. उरलेलं ड्रममध्ये काढलं, आणि भाडं शेवटी द्यावं लागलंच.

साली वर येऊन हातभर जाड थर बसतो. त्यावर स्टीलची वाटी ठेवली तर बुडत नाही, मी ठेवून पाहिली. हा थर वाळला तर वाइनचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही, म्हणून दिवसातून तीनदा दांड्यानं खाली दाबायचा. मी दहा दिवस माहेरी राहिले त्यासाठी. रात्रीच्या पाळीला वहिनी यायची. पहिल्याच दिवशी तिनं वाकून टाकीत डोकावलं, तसं पोरानं तिला मागे ओढलं. काडी पेटवून आत धरली, फट्‌कन विझली. आत सगळा कार्बन डायऑक्साइड. "वन्सं," वहिनी मला म्हणाली, "तुमच्या वाइनपायी माझा फोटो लागला असता भिंतीवर."

पाचव्या दिवशी सडक्या अंड्याचा वास यायला लागला. मला रडू आलं. पोरगा शांत. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की असा वास सुटतो. त्यानं थोडं डीएपी घातलं, खाण्याच्या दर्जाचं. दादा खो खो हसला, "शेवटी युरिया-डीएपीशिवाय आपलं काही पिकत नाही!" दोन दिवसांत वास गेला.

नवव्या दिवशी दाबून साली वेगळ्या केल्या. पुढचे दहा महिने सांगण्यासारखं फार नाही. गाळ खाली बसतो, वरची वाइन दुसऱ्या टाकीत घ्यायची, पुन्हा थांबायचं. ओकचं पिंप परवडणारं नव्हतं, ओकच्या चिप्स टाकल्या. जानेवारीत 600 लिटर भरलं, म्हणजे 800 बाटल्या.

लेबलची कथा वेगळी. आमच्या पुतण्यानं इथल्या फाइन आर्ट्समध्ये शिक्षण घेतलंय. त्यानं फार देखणं लेबल केलं, सुरसागर तलावाच्या पाण्यासारखी हिरवट छटा, मध्ये एकच पान. मी उत्साहात मंजुरीआधीच हजार छापून घेतली. वैधानिक इशाऱ्याची अक्षरं 3 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत. आमच्या कलाकारानं ती मुंगीएवढी केली होती, डिझाइन बिघडू नये म्हणून. हजारच्या हजार गेली. आता आमच्या घरी किराणामालाच्या याद्या त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात.

विक्रीही वायनरीच्याच नावावर, त्यांच्या दुकानातून आणि नाशिकच्या दोन दुकानांतून. किराणा-सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं जानेवारी 2022 मध्ये घेतला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला. माझी बाटली काही कुठल्या मॉलमध्ये पोचली नाही. बाटलीची किंमत 600. दुकानदार, वितरक, व्हॅट जाऊन माझ्या हाती 330. जॉब वर्क, काच, बूच, लेबल मिळून बाटलीमागे खर्च 210, तो मात्र आठशेच्या आठशेंवर आधीच झालेला, 1,68,000. वर्षभरात 540 बाटल्या खपल्या. आले 1,78,200. हाती उरले 10,200, त्यातून बडोदे-दिंडोरी खेपांचं पेट्रोल मी वजाच केलेलं नाही. तोच टन वायनरीनं 45 च्या भावानं घेतला असता तर 45,000 आले असते, आणि वहिनी टाकीत डोकावली नसती.

सासूबाईंना मागच्या उन्हाळ्यात दिंडोरीला नेलं. त्या रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतात, मेडिकलमधून आणलेलं, त्यातही आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. वायनरीत त्यांनी माझी वाइन जिभेला लावली, ग्लास खाली ठेवला. "गूळ घालायला विसरलीस."

परतीच्या वाटेवर सापुताऱ्याच्या नाक्यावर गाडी थांबवली. डिकीत बेदाणे, वहिनीनं दिलेले पापड आणि एक धुतलेली रिकामी बाटली, लेबलसकट, शोकेसमध्ये ठेवायला. पोलिसानं बूच काढून वास घेतला, उलटी करून झटकली.

"खाली छे?"

"खाली छे."

त्यानं लेबल वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बेन, आ तमारुं नाम छे?"

मी हो म्हटलं. त्यानं बाटली परत दिली. 260 बाटल्या अजून तिकडे पडून आहेत. यंदा अर्धाच टन ठेवणार आहे, आणि टाकी पाऊणच भरणार.