भाचीचा निबंध आणि लाकडी पायाचा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे सांगलीला गेले होते, तर भाची बारावीच्या इंग्लिशचं पुस्तक आणि गाईड दोन्ही मांडीवर घेऊन बसलेली. स्टेट बोर्डाच्या पुस्तकात कादंबऱ्यांचे उतारे आहेत ना, त्यातला 'द साइन ऑफ फोर' या शेरलॉक होम्सच्या कादंबरीचा चालू होता. वहीत लिहिलेलं, होम्स फार हुशार आहे, त्याचं निरीक्षण जबरदस्त आहे, वॉटसन त्याचा जिगरी मित्र आहे. चूक काहीच नाही, पण एवढं तर कादंबरी न वाचता कुणीही लिहील. तर म्हणते, "मावशी, वाचलीच नाहीये. उतारा आहे की."

मग मोबाईलवर अख्खी कादंबरी काढून दिली. 1890 ची आहे, त्यामुळे फुकटात मिळते, आणि अगदी लहानशी आहे, फराळ खात खात दोन दिवसांत झाली. म्हटलं आता होम्स सोड, ज्याचा राग आला किंवा कीव आली त्याच्यावर लिही. तिनं जोनाथन स्मॉल धरला, तो लाकडी पायवाला, ज्याचा पाय गंगेत मगरीनं तोडला.

पहिलं वाक्य, "स्मॉल व्हिलन आहे." बरं, कशावरून? आग्र्याच्या किल्ल्यात 1857 च्या धामधुमीत खजिन्यासाठी व्यापाऱ्याच्या वेशातल्या एका माणसाला मारण्यात तो सामील होता. ठीक. आणि मेजर शोल्टो? त्या ऑफिसरनं अंदमानात कैदी असलेल्या स्मॉल आणि त्याच्या तीन साथीदारांशी सौदा केला आणि खजिना एकटाच घेऊन पळाला, स्वतःच्या मित्रालाही फसवलं. इथं ती थांबली. मग स्वतःच शोधून काढलं की स्मॉल प्रत्येक वेळी चौघांच्या नावानं खूण ठेवतो, बाकीचे तिघे तिकडे अंदमानात असतानाही, आणि शेवटी पकडला जाणार म्हटल्यावर दागिने थेम्समध्ये फेकतो पण दुसऱ्या कुणाला मिळू देत नाही. वहीत लिहिलं, खुनी माणूस शब्द पाळतो आणि ऑफिसर पाळत नाही.

मी गप्पच झाले, हे गाईडमध्ये कुठून असणार.

पण मी पडले खवचट. म्हटलं त्या किल्ल्यात मारलेल्या माणसाचं काय, तो बिचारा मेला ना? चिडली. तिला तो मुद्दा गाळायचा होता, कारण निबंध छान जुळून आला होता (मी पण कॉलेजात हेच करायचे, न जुळणारं सगळं गायब!). शेवटी त्यावरच एक परिच्छेद लिहिला आणि निबंधाला खरा जोर तिथंच आला. टोंगाबद्दल तर ती एवढी भडकली की काय सांगू, स्मॉलचा साथीदार असलेला तो अंदमानचा माणूस म्हणजे नुसता राक्षस दाखवलाय, त्याच्या तोंडी धड एक वाक्य नाही आणि स्मॉलला मात्र सगळी कहाणी सांगायला मोठं प्रकरण. हे पण घालते म्हणाली. मी म्हटलं नको, हा वेगळा निबंध आहे, यात कोंबलास तर दोन्ही जातील. पटलं नाही तिला, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून खात्री नाही.

रात्री साडेअकराला दार वाजवून आली. "मावशी, होम्सकडे मदत मागायला येते ना ती मेरी, तिला पत्र येतं त्याच्यावर सात जुलैचा शिक्का आहे, आणि त्याच संध्याकाळी सगळे निघतात तेव्हा म्हणे सप्टेंबर? हे लिहू का?"


म्हटलं झोप आता.